सेकंड हँड स्कायडायव्हिंग रिगचा रिव्ह्यू: जॅव्हलिन, सेबर २ आणि सायप्रेस, एक सीझन वापरून झाल्यावर

टँडम (इन्स्ट्रक्टरला बांधून मारलेली उडी) करून झालंय, एएफएफ (एकट्याने उडी मारायला शिकवणारा कोर्स) पण झालं, २५ जंप पूर्ण करून ए लायसन्स हातात आलंय आणि आता दर वीकेंडला भाड्याच्या रिगचे (म्हणजे पाठीवर घालायच्या पॅराशूटच्या अख्ख्या संचाचे) पैसे देऊन जीव मेटाकुटीला आलाय, अशांसाठी हे लिहितेय. ज्यांना आयुष्यात एकदाच उडी मारून फोटो काढायचाय त्यांना यातलं फारसं लागणार नाही, पण वाचा, कारण टँडमला तुमच्या पाठीवर जो माणूस बांधलेला असतो त्याच्या पाठीवर पण हेच सगळं असतं.

मी ॲरिझोनात चँडलरला राहते, नवरा आणि मी दोघं आयटीवाले, आणि उड्या मारायला इलॉयला जाते, फिनिक्स आणि टूसॉनच्या साधारण मधे आय-१० हायवेच्या बाजूला. मोठा ड्रॉपझोन (उड्या मारायची जागा) आहे, हिवाळ्यात जगभरातून लोक येतात कारण बाकी अमेरिकेत बर्फ पडत असतो आणि इथे ऊन असतं. विमानं एकामागोमाग एक सुटतात, त्यामुळे स्वतःची रिग असेल तर दिवसात भरपूर उड्या होतात आणि नसेल तर रेंटलच्या काउंटरवर उभं राहण्यात वेळ जातो. एका उडीला तिकीट वेगळं, रिगचं भाडं वेगळं, पॅकिंग दुसऱ्याकडून करून घेतलं तर ते अजून वेगळं. रिग घेतली तेव्हा माझं गणित एवढंच होतं.

आधी निकाल सांगून टाकते. सगळं मिळून पाच हजार डॉलरच्या आसपास गेले, नवीन घेतली असती तर जवळपास दुप्पट आणि वर कंटेनर (पॅराशूट ठेवायची पाठीवरची बॅग, हार्नेससकट) शिवून यायला कित्येक महिने थांबा. एक सीझन वापरल्यावर मी या रिगवर पूर्ण खूश आहे. कंटेनर आहे सन पाथचा जॅव्हलिन ओडिसी, रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) परफॉर्मन्स डिझाइन्सचं १६० स्क्वेअर फुटांचं, हे दोन्ही एकीकडून घेतलं. मेन कॅनोपी (नेहमीचं मुख्य पॅराशूट) सेबर २, साइज १७०, ती दुसऱ्या एका बाईकडून जी आता छोट्या कॅनोपीवर गेलीये. आणि सायप्रेस २ (वेळ पडली तर रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र) तेवढं कोरं करकरीत नवीन घेतलं. रंग म्हणाल तर कंटेनर जांभळा-पिवळा आणि कॅनोपी हिरवी-नारिंगी, फोटोत अजिबात मॅच होत नाही, आणि मी रंगाचा विचार शेवटी केला हे बरोबरच केलं असं माझं ठाम मत आहे. पैसे आधी कुठे घालायचे तर जे कुणाला दिसत नाही आणि जे वापरायची वेळ येऊ नये अशी आपण आशा करतो त्यावर, आणि ज्याच्यात आपण अक्षरशः लटकणार आहोत त्या हार्नेसवर.

हार्नेसबद्दल जरा जास्त सांगते कारण मराठी मुलींना हा प्रॉब्लेम शंभर टक्के येणार. माझी उंची पाच फूट तीन इंच. बाजारात ज्या वापरलेल्या रिग येतात त्यातल्या बहुतेक सहा फुटी पुरुषांसाठी शिवलेल्या. हार्नेस म्हणजे फक्त पट्टे ओढून घट्ट करायचे असं नसतं, लेग स्ट्रॅप आणि चेस्ट स्ट्रॅप ॲडजस्ट होतात पण खांद्यापासून कमरेपर्यंत जी मुख्य उभी पट्टी असते, मेन लिफ्ट वेब, तिची लांबी बहुतेक रिगमध्ये शिवूनच ठरलेली असते. ती लांब असली की जमिनीवर उभं असताना काही कळत नाही, पण कॅनोपी उघडली की पूर्ण हार्नेस वर सरकतो, मेन जिथे जोडलेली असते त्या तीन रिंगा गालाशी येतात, रायझर (हार्नेस आणि कॅनोपी जोडणारे पट्टे) हाताला लांब पडतात आणि सगळ्यात वाईट म्हणजे कटअवेचं (बिघडलेली मेन सोडून द्यायचं) आणि रिझर्व्हचं हँडल जिथे असायला पाहिजे तिथे राहत नाही. ज्या क्षणी तुम्हाला न बघता हात घालावा लागेल त्या क्षणी हँडल चार इंच वर गेलेलं असेल तर काय उपयोग. रेंटल रिगमध्ये मला हे प्रत्येक उडीला जाणवायचं.

मग करायचं काय, तर विकणाऱ्याकडून कंटेनरचा सिरियल नंबर मागायचा आणि कंपनीला विचारायचं. तो कंटेनर मुळात कुठल्या मापाच्या माणसासाठी शिवला, कुठली कॅनोपी बसेल, नंतर काही बदल झाले का, हे ते सांगतात. माझा जॅव्हलिन माझ्याच उंचीच्या बाईसाठी शिवलेला निघाला. विकत घेण्याआधी रिगरकडे (पॅराशूट तपासून पॅक करणारी लायसन्सवाली व्यक्ती) छताला लटकवलेल्या हुकांना रायझर अडकवून त्यात पाच मिनिटं लटकून बघितलं, दोन्ही हँडल डोळे मिटून शोधली, आधी कटअवेचं लाल आणि मग रिझर्व्हचं चंदेरी, लाल आणि मग चंदेरी. हे केल्याशिवाय कुठलीही वापरलेली रिग घेऊ नका. बसत नसेल तर हार्नेस बदलून शिवता येतो पण ते काम मास्टर रिगरचं किंवा कंपनीचं, कुठल्याही शिलाईवाल्याचं नाही, आणि त्यात काही शे डॉलर सहज जातात, मग स्वस्तातली रिग स्वस्त राहत नाही.

आता रिगरची तपासणी. माझी रिगर साठी ओलांडलेली बाई आहे, बोलते कमी, चष्मा कपाळावर असतो तो फक्त शिवण बघताना खाली येतो. तिने सगळ्यात आधी रिझर्व्हच्या पिनवरचा फ्लॅप उघडून सील दाखवलं. लाल बारीक दोरा आणि त्याला शिशाचा छोटा गोल तुकडा, त्यावर ज्या रिगरने शेवटचं पॅक केलं त्याची खूण ठोकलेली. मग पॅकिंग डेटा कार्ड काढलं आणि कार्डावरची सही, तारीख आणि सीलवरची खूण एकमेकांशी जुळते का ते बघितलं. मला म्हणाली, "ही रिग घालून घे आणि रिझर्व्ह तूच उघड. कशाला किती जोर लागतो ते हाताला कळू दे." मी हँडल ओढलं, दोरा तुटला, पिन सुटली आणि स्प्रिंगवालं पायलट शूट (मोठं पॅराशूट बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट) मागून धाडकन उडून गालिच्यावर जाऊन पडलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा जोर जास्त लागला, दोन्ही हातांनी ओढावं लागलं. एवढी एक गोष्ट माझ्यासाठी तपासणीच्या अख्ख्या फीची किंमत वसूल करणारी होती, आणि रिपॅकच्या (रिझर्व्ह मुदतीत परत पॅक करायच्या) वेळी तुमच्या रिगरला तुम्हीही हे करू द्यायला सांगा, बहुतेक जण आनंदाने करू देतात.

त्यानंतर तिने रिझर्व्ह टेबलावर पसरवून सेल न् सेल (कापडाचा शिवलेला कप्पा) बघितला, प्रत्येक लाइनवरून (दोरीवरून) बोटं फिरवली. या कंपनीच्या रिझर्व्हच्या लेबलवर बारीक चौकोन छापलेले असतात, प्रत्येक रिपॅकला एक खूण करायची, आणि ४० रिपॅक किंवा २५ वेळा उघडून झालं की ते तपासणीला कंपनीकडे पाठवायचं. माझ्यावरचे बरेच चौकोन रिकामे होते आणि उघडल्याची एकही खूण नव्हती. विकणारा तोंडाने काहीही सांगू दे, तुम्ही लेबल आणि कार्ड वाचा.

हे मुद्दाम सांगतेय कारण या रिगच्या आधी एक दुसरी रिग मी जवळजवळ घेणार होते. फोटो झकास, काळी-लाल, "एकदम मिंट कंडिशन, फक्त उडी मारायची बाकी" असं लिहिलेलं. पॅकिंग कार्डचा फोटो मागितला तर तीन दिवस उत्तर नाही, मग आला तो अर्धा कापलेला. रिगरने फोनवरच सांगितलं की एएडीची (आपोआप रिझर्व्ह उघडणारं यंत्र, सायप्रेस हे त्यातलंच) मॅन्युफॅक्चरिंग डेट विचार. ती विचारल्यावर कळलं की त्याचं आयुष्य संपून वर्ष होऊन गेलं होतं, म्हणजे तो डबा कंटेनरमध्ये नुसता वजन म्हणून पडून होता, आणि किंमत मात्र चालू एएडी धरून लावलेली. अशा व्यवहारात पैसे आगाऊ पाठवायचे नसतात, रिग आधी तुमच्या रिगरकडे कुरिअरने यायला पाहिजे आणि तिने हो म्हटल्यावर पैसे. ज्याला हे मान्य नाही त्याच्याकडून घ्यायचंच नाही.

आता सायप्रेस, कारण याबद्दल लोकांच्या डोक्यात सगळ्यात जास्त गोंधळ असतो. एएडी म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही, बेशुद्ध पडलात किंवा उंचीचं भान सुटलं, तरी आपोआप पॅराशूट उघडणारं यंत्र. पण ते मेन उघडत नाही! ते फक्त रिझर्व्हची क्लोजिंग लूप (कंटेनर बंद ठेवणारा दोरा) कापतं, आतमध्ये एक छोटा कटर असतो. जर्मनीतल्या एअरटेक कंपनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी ते बनवलं, १९९१ मध्ये बाजारात आलं, आणि त्याने किती लोकांना घरी परत पाठवलंय हे कुठल्याही जुन्या ड्रॉपझोनवर विचारून बघा. लाल बटणाचं एक्स्पर्ट मॉडेल जमिनीपासून साधारण ७५० फुटांवर चालतं, तेही तुम्ही सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगाने पडत असाल तरच. स्टुडंटचं पिवळ्या बटणाचं असतं, ते सेकंदाला १३ मीटरच्या वेगालाच चालतं, आणि टँडमचं निळं, ते १९०० फुटांवर. म्हणून विकत घेताना बटणाचा रंग बघा, स्टुडंटवालं लावून लायसन्सवाल्या माणसाने जोरात वळणं घ्यायची नसतात.

वापरायला एकदम सोपं. बटण दाबायचं, लाल दिवा चमकला की लगेच परत, असं एकूण चार वेळा, मग ते १० पासून ० पर्यंत उलटे आकडे मोजत स्वतःची तपासणी करतं आणि जमिनीचा दाब नोंदवून घेतं. चौदा तासांनी आपोआप बंद. एकच नियम डोक्यात पक्का बसवायचा, की ते ड्रॉपझोनवर पोचल्यावरच चालू करायचं, घरून नाही. चँडलर समुद्रसपाटीपासून बाराशे फुटांवर आणि इलॉय पंधराशेच्या आसपास, आणि ज्या यंत्राचा सगळा हिशेब ७५० फुटांचा आहे त्याला जमीन कुठे आहे हे चुकीचं सांगून कसं चालेल. आता जी युनिट बनतात त्यांचं आयुष्य साडेपंधरा वर्षं धरलंय, आधीच्यांचं साडेबारा होतं आणि त्यांना मधे सर्व्हिसिंग सक्तीचं होतं, त्यामुळे वापरलेलं घेताना उरलेल्या वर्षांनी किंमत भागून बघा, कित्येकदा नवीनच परवडतं. माझ्या बाबतीत तेच झालं. बेल्जियमचं व्हिजिल पण चांगलं आहे, माझ्या ओळखीतले बरेच जण तेच लावतात, मला सायप्रेसची सवय रेंटलपासूनची आहे म्हणून ते घेतलं.

एक गणित सांगते. पोटावर सरळ पडताना वेग ताशी १२० मैल, म्हणजे हजार फूट जायला साडेपाच-सहा सेकंद. ए लायसन्सवाल्याने युएसपीएच्या (अमेरिकेतली स्कायडायव्हिंगची संघटना) नियमाप्रमाणे ३००० फुटांच्या खाली यायच्या आधीच मेन उघडायला पाहिजे, आणि २५०० ला निर्णय, कॅनोपी चांगली आहे की कापायची. समजा ३००० ला हातच गेला नाही, तर सायप्रेस चालेपर्यंत तेराच सेकंद असतात, आणि ते चालल्यानंतर रिझर्व्ह फुगायला जेवढी जागा उरते ती अगदी थोडी. म्हणून एएडी आहे म्हणून निवांत राहणारा माणूस मला विमानात शेजारी पण नको असतो. आणि उलट बाजूने, मेन फार खाली उघडली आणि ती हळू फुगली तर एएडी मधेच रिझर्व्हही सोडू शकतं, मग दोन्ही डोक्यावर. मी ४५०० ला उघडते, घाई कसली आहे?

मेनबद्दल. सेबर २ ही नऊ सेलची, कडांना किंचित निमुळती कॅनोपी, नवशिक्यांपासून शेकडो उड्यावाल्यांपर्यंत सगळीकडे दिसते. साइज ठरवायची पद्धत अशी की तुमचं वजन अधिक कपडे अधिक सगळी रिग, पाउंडांत, भागिले कॅनोपीचे स्क्वेअर फूट. माझं ६५ किलो म्हणजे १४३ पाउंड, त्यात सगळं सामान २४-२५ पाउंड, झाले १६७-१६८, भागिले १७०, म्हणजे एकच्या किंचित खाली. ए लायसन्सला एकच्या वर जाऊ नका असंच इन्स्ट्रक्टर सांगतात आणि ते अगदी खरं आहे. आजकाल स्कायडायव्हिंगमध्ये जे हातपाय मोडतात किंवा त्याहून वाईट होतं त्यातलं पुष्कळसं चांगल्या, नीट उघडलेल्या कॅनोपीखाली, जमिनीजवळ खाली वळण घेताना होतं. "तू हलकी आहेस, १३५ घे, मजा येईल" असं सांगणारे भेटतील, ऐकू नका.

उघडायला माझी थोडी झटक्यात उघडते आणि कधीकधी डावीकडे वळून, पॅक करताना नाक (कॅनोपीची पुढची कड) नीट आत घेतलं आणि स्लायडर (उघडणं मंद करणारा कापडी चौकोन) चारही बाजूंनी व्यवस्थित पसरवला की बरीच शांत येते. पण फ्लेअर (उतरताना ब्रेक ओढून वेग मारणं)! रेंटलची जुनी कॅनोपी ओढली की हं, थोडी थांबल्यासारखी करायची. ही टॉगल (हातातली ब्रेकची हँडल) छातीपर्यंत आणले की सपाट होते, तिथून कमरेपर्यंत ओढले की पाय अलगद टेकतात, वारा असेल त्या दिवशी तर दोन पावलं पण चालावं लागत नाही. उन्हाळ्यात मात्र इलॉयला ४०-४२ डिग्रीत हवा पातळ होते आणि तीच कॅनोपी तोच माणूस पण लँडिंग पळत पळत होतं, त्याची तयारी ठेवा, बूट चांगले घाला.

वापरलेल्या कॅनोपीत कापडापेक्षा लाइन्स आधी बघायच्या. माझ्या कॅनोपीच्या लाइन्स स्पेक्ट्राच्या आहेत. प्रत्येक वेळी उघडताना स्लायडरच्या कड्या त्यांच्यावरून घासत खाली येतात, त्या घर्षणाने त्या गरम होतात आणि हळूहळू आखडतात, आणि सगळ्या सारख्या आखडत नाहीत, बाहेरच्या आणि ब्रेकच्या जास्त. ब्रेक लाइन आखूड झाली की तुम्ही टॉगलला हात न लावता पण शेपटी ओढलेली राहते, कॅनोपी मंद उडते आणि फ्लेअरला ताकद उरत नाही. रिगरने माझ्या लाइन्स मापून कंपनीच्या चार्टशी ताडल्या, बाकी सगळ्या ठीक, खालच्या ब्रेक लाइन्स दोन्ही बाजूंच्या बदलाव्या लागल्या. किरकोळ खर्च आहे, पण विकणाऱ्या बाईने तेवढे पैसे स्वतःहून कमी केले म्हणून तिचं कौतुक.

पॅकिंग शिका. हे झिरो पोरॉसिटीचं (हवा आरपार न जाऊ देणारं) कापड नवीन असताना इतकं निसटतं की बॅगमध्ये कोंबताना रडू येतं, वापरून जरा मऊ झालेलं असेल तर पुष्कळ सोपं, वापरलेल्या कॅनोपीचा हा खरा फायदा. माझं आता पंधरा-वीस मिनिटांत होतं. पॅक करताना एक गोष्ट कधीच विसरायची नाही ती म्हणजे पायलट शूट कॉक करणं. ब्रायडलवर (पायलट शूट आणि बॅग जोडणारी पट्टी) एक छोटी खिडकी असते, आतली किल लाइन ओढून घेतली की त्या खिडकीत रंगीत दोरा दिसतो, माझ्यात तो निळा. निळा दिसला नाही तर पायलट शूट फुगणारच नाही आणि मेन बॅगेतून निघायचीच नाही. मी बॅग बंद करायच्या आधी बघते, नंतर बघते आणि विमानात चढायच्या आधी दुसऱ्याला पिन चेक करायला लावताना परत विचारते. क्लोजिंग लूप जरा जरी उसवली दिसली की बदलायची, दोन रुपयांचा दोरा असतो तो, आणि सैल लूपमुळे पिन विमानाच्या दारातच सुटली तर सगळ्या विमानाच्या जिवावर बेततं.

कंटेनरला साधी आरएसएल आहे, स्कायहुक नाही. आरएसएल म्हणजे मेन कापली की ती जाता जाता रिझर्व्हची पिन ओढते. स्कायहुक त्याच्या पुढचं, निघून जाणारी मेनच रिझर्व्हला बाहेर खेचून काढते, बिल बूथ यांचं काम, आज जवळपास प्रत्येक रिगवर दिसणारी तीन रिंगांची सिस्टिम पण त्यांचीच. पुढची रिग घेतली तर स्कायहुकवालीच घेईन, त्याला वरचे पैसे द्यायला माझी अजिबात ना नाही. तोवर आरएसएल आहे आणि तरीही चंदेरी हँडल मीच ओढायचं असंच पाठ केलंय.

बाकी सामान झटपट. मनगटावर एलअँडबीचा व्हिसो (उंची दाखवणारं घड्याळासारखं यंत्र), हेल्मेटमध्ये त्यांचाच ऑप्टिमा जो कानात ठरवलेल्या उंचीला बीप करतो, दोन्ही मस्त. पण सुरुवातीला काटेवाला ॲनालॉग आल्टिमीटर पण चांगला, लाल पट्ट्यात काटा गेला की वाचायची गरजच नसते. हेल्मेट कुकी जी४, महाग आहे, चष्मा असणाऱ्यांना आतून बसतो. आणि गोप्रो: युएसपीए २०० जंप होईपर्यंत कॅमेरा लावू नका म्हणते, भारतातून फोन आला की पहिला प्रश्न "व्हिडिओ टाक ना" असतो, त्यांना मी टँडमचाच परत पाठवते. कॅमेऱ्याला लाइन अडकू शकते आणि त्याहून वाईट म्हणजे लक्ष जातं.

कपड्यांचं पण मराठी घरात विचारतातच, कारण पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली ते सगळ्यांनी पाहिलंय. त्या बाईंचा मला प्रचंड आदर आहे, २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, २०११ ला पद्मश्री, २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. पण तो अनुभव वेगळा, आपण जंपसूट घालायचा. सैल कापड हँडलवर आलं तर हात तिथे पोचत नाही, एवढं साधं कारण आहे.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत एफएएचा (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) नियम असा की रिझर्व्ह १८० दिवसांच्या आत सर्टिफाइड रिगरने पॅक केलेलं पाहिजे, २००८ पर्यंत ही मुदत १२० दिवस होती. तुम्ही एकदाही उघडलं नाही तरी मुदत संपली की परत पॅक, नाहीतर मॅनिफेस्टवाले (विमानात कोण बसणार त्याची यादी करणारे) विमानात चढू देत नाहीत. लायसन्सवाल्याला एएडी सरकारी सक्तीचं नाही, टँडमला आहे, पण लावलेलं असेल तर कंपनीच्या नियमाप्रमाणे सांभाळलेलंच पाहिजे. भारतात राहणाऱ्यांना रिग विकत घेऊन फायदा नाही असं मला वाटतं, हरियाणात नारनौलला टँडम होतं, ते करा, आणि लायसन्सची हौस असेल तर सुट्टी काढून बाहेर एका जागी सलग कोर्स करा.

आता शेवटचं, कारण मला सगळ्यात जास्त विचारलं जातं की "याच रिगवर बेस जंप (विमानातून नाही, तर पूल, कडा, इमारतीवरून मारायची उडी) करता येईल का?" नाही. अजिबात नाही. बेसची रिग वेगळीच असते, एकच पॅराशूट, रिझर्व्ह नाही, एएडी नाही, कारण तेवढी उंचीच नसते. अमेरिकेत आयडाहोमध्ये ट्विन फॉल्सचा पेरिन ब्रिज आहे जिथून वर्षभर परमिटशिवाय उडी मारता येते, तो नदीपासून ४८६ फूट. सायप्रेस चालतं ७५० फुटांवर, म्हणजे पूल त्याच्यापेक्षा खाली आहे! सोडून दिलं तर साडेपाच-सहा सेकंदांत पाणी. दुसरं पॅराशूट काढायला वेळच नाही, म्हणून मेन एकच, मोठी, सात सेलची, आणि पायलट शूट भलं मोठं. वेस्ट व्हर्जिनियात न्यू रिव्हर गॉर्जचा ८७६ फुटांचा पूल वर्षातून एकच दिवस, ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी उघडतात. बाकी नॅशनल पार्कात परवानगीशिवाय उडी मारणं गुन्हा आहे, १९७८ मध्ये योसेमिटी नॅशनल पार्कातल्या एल कॅपिटन कड्यावरून मारलेल्या ज्या उड्या कार्ल बोनिश यांनी चित्रित केल्या, त्यांच्यापासून हे सगळं सुरू झालं, १९८० मध्ये तिथे थोडा काळ परवानगी पण मिळाली होती, मग बंद. बोनिश १९८४ मध्ये नॉर्वेत कड्यावरून उडी मारतानाच गेले. चांगले बेस शिकवणारे साधारण दोनशे स्कायडाइव्ह झाल्याशिवाय शिकवायला घेत नाहीत. मला विचाराल तर मी पुलावर उभी राहून बघून आले, उडी मारायची इच्छा झाली नाही.

कुणी इलॉयला येणार असेल आणि वापरलेली रिग बघायची असेल तर हिवाळ्यात या, नोव्हेंबर ते मार्च, तेव्हा नोटीस बोर्डवर विकायच्या चिठ्ठ्या जास्त असतात आणि रिगरही जागेवरच भेटते, लटकून बघता येतं. साडेपाच फुटांच्या आतल्या बायकांनी आधी सिरियल नंबर मागा, रंग नंतर बघा. माझ्या रिझर्व्हचा रिपॅक पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा रिगरच्या टेबलावर काय काय निघालं ते यातच खाली वाढवून लिहीन.